सरकारी आरोग्य-माहिती संशोधनासाठी हवी आहे? अर्ज कुठे, कसा आणि किती मोठा करायचा

विदर्भातल्या जिल्हा आरोग्य कार्यालयांत संशोधकांचे जे अर्ज येतात, त्यांत एक वाक्य वारंवार असतं: "जिल्ह्यातील आरोग्यविषयक संपूर्ण माहिती मिळावी, ही विनंती." असा अर्ज सहसा कुणी फेटाळत नाही. तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो. 'संपूर्ण माहिती' नावाची फाईल कुठल्याच कपाटात नसते, मग बाबू तरी काय काढून देणार? एमपीएच, एमएसडब्ल्यू, पीएच.डी. करणारे विद्यार्थी आणि तालुक्याच्या गावी काम करणाऱ्या छोट्या संस्था पहिल्यांदाच अशी माहिती मागत असतील, तर त्यांनी अर्ज लिहायला बसण्याआधी हे वाचावं.

प्रश्न आधी लहान करा

'आदिवासी गरोदर मातांचं आरोग्य' हा विषय झाला, प्रश्न नाही. प्रश्न असा हवा: गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागड तालुक्यात जून ते सप्टेंबर या काळात दवाखान्यातली बाळंतपणं कमी होतात का? पर्लकोटा नदीला पूर चढला की भामरागडचा रस्ता बंद होतो, ही बातमी पावसाळ्यात येतेच. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच आणून ठेवता यावं म्हणून दुर्गम भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत (पीएचसींत) 'माहेरघर' ही सोयही आहे. म्हणजे प्रश्न खरा आहे आणि त्याच्या उत्तराचा उपयोग कुणाला तरी होणार आहे.

आता बघा, या प्रश्नासाठी एकाही बाईचं नाव, गाव किंवा मोबाईल नंबर लागत नाही. प्रत्येक केंद्राचे महिनावार तीनच आकडे पुरतात: दवाखान्यात झालेली बाळंतपणं, घरी झालेली बाळंतपणं आणि त्या महिन्यात नव्याने नोंदलेल्या गरोदर माता. पाच वर्षांचे म्हटले तर एका केंद्राच्या साठ ओळी होतात. एवढी मागणी सांख्यिकी सहायक एचएमआयएसवरून, म्हणजे दवाखान्यांचे महिनावार आकडे चढतात त्या सरकारी पोर्टलवरून, एका बैठकीत काढून देऊ शकतो.

यासाठी एक सवय लावून घ्या. अर्जाआधी कोरा तक्ता बनवायचा. ज्या तक्त्यावरून तुम्ही शेवटी निष्कर्ष काढणार, त्याच्या ओळी आणि रकाने आखायचे, आकडे मात्र रिकामे ठेवायचे. एखादा रकाना कशासाठी आहे हे तुम्हालाच सांगता आलं नाही तर तो खोडा. वय, जात, आधार क्रमांक, नवऱ्याचं नाव हे 'असू द्या, पुढे कामात येईल' म्हणून मागितलेले रकाने अर्ज बुडवतात.

उघड्यावर काय आहे ते आधी पाहा

पुष्कळ माहितीसाठी अर्जच लागत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची, म्हणजे एनएफएचएसची, जिल्हावार पत्रकं कुणालाही उतरवून घेता येतात. पाचवी फेरी २०१९-२१ची, आणि महाराष्ट्रातलं काम २०१९च्या उत्तरार्धात, कोविडच्या आधी आटोपलं होतं. या फेरीत देशभरात ७०७ जिल्हे आणि ६,३६,६९९ घरं होती. म्हणजे एका जिल्ह्याला सरासरी नऊशे घरं आली. त्यातून गडचिरोली जिल्ह्याचा अंदाज निघतो, एटापल्ली तालुक्याचा निघत नाही, आणि कुणी काढलाच तर त्यावर विश्वास ठेवू नका. नकाशावर काम करणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं: गावं ओळखू येऊ नयेत म्हणून सर्वेक्षणात निवडलेल्या ग्रामीण समूहांची नकाशावरची ठिकाणं मुद्दाम पाच किलोमीटरपर्यंत, आणि शंभरातलं एखादं दहा किलोमीटरपर्यंत, सरकवलेली असतात. त्या बिंदूपासून पीएचसीचं अंतर मोजून प्रबंध लिहू नये.

सर्वेक्षणाचा घरोघरचा मूळ डेटा पूर्वी अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या डीएचएस कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की मिळायचा. २०२५च्या सुरुवातीला ती मदत थांबली. त्यामुळे तिथे नोंदणी चालू आहे का ते आधी पाहा, नसेल तर हे सर्वेक्षण करणाऱ्या मुंबईच्या देवनारमधल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेकडे, म्हणजे आयआयपीएसकडे, विचारणा करावी. दवाखान्यावर घरचा किती खर्च होतो हा प्रश्न असेल तर राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५वी फेरी (जुलै २०१७ ते जून २०१८) पाहा. तिचा मूळ डेटा केंद्रीय सांख्यिकी मंत्रालय नोंदणी केल्यावर फुकट देतं. नमुना नोंदणी पद्धतीतून, म्हणजे एसआरएसमधून, राज्याचा बालमृत्युदर मिळतो, जिल्ह्याचा नाही.

हे सगळं चाळूनही प्रश्न उरला तरच सरकारी कचेरीची पायरी चढा.

दार नेमकं कोणतं

नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते इथे. 'सरकारी दवाखाना' आपल्याला एकच दिसतो. कागदावर त्याचे मालक वेगळे असतात.

उपकेंद्रं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रं जिल्हा परिषदेची. त्यांचे प्रमुख जिल्हा आरोग्य अधिकारी, म्हणजे डीएचओ, आणि त्यांच्यावर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय मात्र जिल्हा शल्य चिकित्सकांकडे, म्हणजे सीएसकडे. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तर वैद्यकीय शिक्षण विभागाचं. भामरागडच्या आपल्या प्रश्नाचंच घ्या. डीएचओंनी पीएचसींचे आकडे दिले, तरी भामरागडच्या ग्रामीण रुग्णालयातली बाळंतपणं त्यांत नसतील, त्यासाठी सीएसना वेगळं पत्र लागेल. हेमलकशाच्या लोकबिरादरी प्रकल्पाचं रुग्णालय ट्रस्टचं, त्यामुळे तिथली बाळंतपणं या दोन्ही तक्त्यांत दिसणार नाहीत. हे तिसरं दार ठोठावलं नाही, तर दवाखान्यातली बाळंतपणं आहेत त्यापेक्षा कमी भरतील आणि तुमचा निष्कर्षच उलटा जाईल.

कुपोषणाचं दार आणखी वेगळं. मुलांची वजनं अंगणवाडीत होतात, पोषण ट्रॅकर ॲपवर चढतात, आणि अंगणवाडी आहे महिला व बालविकास विभागाची. तिथे तालुक्याला बालविकास प्रकल्प अधिकारी आणि जिल्ह्याला जिल्हा परिषदेतले त्या विभागाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी भेटतील. मेळघाटच्या धारणी-चिखलदऱ्यातल्या बालमृत्यूंवर काम करायचं तर आरोग्य आणि बालविकास या दोन्ही खात्यांची पत्रं हातात हवीत. आश्रमशाळेतल्या मुलामुलींची माहिती हवी असेल तर आदिवासी विकास प्रकल्प अधिकाऱ्यांना भेटा. क्षयरोगासाठी जिल्हा क्षयरोग अधिकारी, हिवतापासाठी जिल्हा हिवताप अधिकारी.

शेतकरी आत्महत्यांवर काम करायला यवतमाळला येणारे तर हमखास आरोग्य विभागात जातात. तो आकडा आरोग्याकडे नसतोच. मदतीसाठी पात्र-अपात्र ठरवलेल्या प्रकरणांची यादी महसूल विभागाकडे असते, जिल्हाधिकारी आणि अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे. पोलिसांकडून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे जाणारा आकडा वेगळा निघतो. दोघांच्या व्याख्याच वेगळ्या आहेत, त्यामुळे दोन्ही एका आलेखात जोडू नका.

जिल्ह्याच्या वरची पायरी म्हणजे आरोग्य उपसंचालकांचं मंडळ. विदर्भात अशी दोन मंडळं आहेत. नागपूर मंडळात नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली. बाकी पाच जिल्ह्यांचं महसुली मुख्यालय अमरावतीला असलं, तरी आरोग्य मंडळ अकोल्याला आहे. बुलडाण्याचा अर्ज घेऊन अमरावतीला गेलात तर दिवस वाया.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कारभार पुन्हा निराळा. खेड्यात निबंधक म्हणजे ग्रामसेवक (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी), आणि राज्याची जीवनविषयक आकडेवारी पुण्याच्या आरोग्य उपसंचालक कार्यालयात जमते. १९६९च्या कायद्याच्या १७व्या कलमाखाली नोंदीचा दाखला कुणालाही मागता येतो. पण मृत्यूच्या दाखल्यात मृत्यूचं कारण उघड करायचं नाही, असं त्याच कलमात लिहिलंय. ग्रामसेवक कारण देत नाही म्हणून त्याच्याशी भांडू नका, तो कायदाच पाळतोय.

एथिक्स कमिटी: स्वतः ठरवू नका

"मला नावं नकोत, मग एथिक्स कशाला?" संशोधनाचा प्रस्ताव नैतिकतेच्या दृष्टीने तपासणाऱ्या या समितीबद्दल हा प्रश्न बरेच जण विचारतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत परीक्षणाचे तीन प्रकार आहेत: परीक्षणातून सूट, त्वरित परीक्षण आणि संपूर्ण समितीपुढचं परीक्षण. सर्वांना खुल्या असलेल्या माहितीवरच्या अभ्यासाला सूट मिळू शकते आणि नावं काढलेल्या नोंदींचं काम बहुधा त्वरित परीक्षणात होतं. मात्र कोणता प्रकार लागू, हे समितीच ठरवते. तेव्हा सूट हवी असली तरी प्रस्ताव समितीकडे जायलाच हवा. जुन्या, नाव नसलेल्या नोंदींसाठी प्रत्येकाची संमती घेण्याची अट समिती शिथिल करू शकते, मात्र तशी विनंती प्रस्तावात स्पष्ट लिहावी लागते.

संस्थेत समिती नसेल तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या समितीशी करार करून काम भागवता येतं. समितीची नोंदणी चालू आहे ना, एवढं आधी विचारून घ्या. आरोग्य संशोधनाच्या समित्यांची नोंदणी केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाकडे असते. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची मंजुरीही लागते. ती आयसीएमआरमार्फत घ्यायची, आणि तिला वेळ लागतो.

अर्ज

अर्ज एका पानाचा. मराठीत लिहा. इंग्रजी अर्जावर टिप्पणी लिहायचं काम कुणी अंगावर घेत नाही. नमुना असा:

"प्रति,
मा. जिल्हा आरोग्य अधिकारी,
जिल्हा परिषद, गडचिरोली.

विषय: भामरागड तालुक्यातील प्रसूतींची प्रा. आ. केंद्रनिहाय, महिनावार एकत्रित आकडेवारी संशोधनासाठी मिळणेबाबत.

संदर्भ: एथिक्स समितीचे मान्यतापत्र क्र. … दि. …

महोदय/महोदया,
उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, मी … या संस्थेत … अभ्यासक्रमाचा/ची विद्यार्थी असून पावसाळ्यातील संस्थात्मक प्रसूती या विषयावर अभ्यास करीत आहे. त्यासाठी एप्रिल २०२० ते मार्च २०२५ या कालावधीतील सोबतच्या कोऱ्या तक्त्यातील तीन बाबींची आकडेवारी एचएमआयएस पोर्टलवरून एक्सेल स्वरूपात मिळावी. कोणत्याही व्यक्तीचे नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक अथवा आधार क्रमांक यांची आवश्यकता नाही. प्राप्त माहिती केवळ नमूद अभ्यासासाठी वापरली जाईल, अन्य कोणास दिली जाणार नाही व अहवालाची प्रत आपल्या कार्यालयास सादर केली जाईल.

सहपत्रे: दोन पानी संशोधन आराखडा, कोरा तक्ता, एथिक्स मान्यता, मार्गदर्शकांचे पत्र, गोपनीयतेचे हमीपत्र, ओळखपत्राची प्रत."

यातलं 'आवश्यकता नाही' हे वाक्य सगळ्यात कामाचं. अधिकाऱ्याला नाही म्हणावंसं वाटतं ते बहुतेक वेळा नावं बाहेर गेली तर आपल्यावर शेकेल या भीतीने. ती भीती पहिल्याच वाचनात घालवा. कालावधी लिहिताना एप्रिल ते मार्च लिहा, कारण एचएमआयएस आर्थिक वर्षाने चालतं. जन्म-मृत्यू नोंदणी मात्र जानेवारी ते डिसेंबर. आणि आराखड्यात २०२०-२१ हे कोविडचं वर्ष वेगळं दाखवणार असल्याचं लिहिलंत, तर वाचणाऱ्याला माणूस तयारीचा आहे हे कळतं.

दोन प्रती न्या. एक आवकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. त्या क्रमांकाशिवाय पाठपुरावा होत नाही. त्यानंतर पत्र कोणत्या टेबलाला मार्क झालं ते विचारा आणि त्या टेबलावरच्या माणसाला भेटून कोरा तक्ता समजावून सांगा. साहेबांना दहा मिनिटं भेटण्यापेक्षा हे जास्त उपयोगी पडतं. "वरून परवानगी आणा" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. तेवढंच लेखी मागा, म्हणजे उपसंचालकांना किंवा मुंबईच्या आरोग्य भवनातल्या आयुक्तालयाला लिहिताना त्याचा संदर्भ देता येतो.

वेळही बघून जा. मार्चअखेर नको. निवडणुकीची आचारसंहिता लागली की कर्मचारी त्या कामाला जुंपलेले असतात. आणि डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन असतं तेव्हा विदर्भातलं प्रत्येक जिल्हा कार्यालय तारांकित प्रश्नांची उत्तरं जमवत बसलेलं असतं. त्या दिवसांत तुमच्या साठ ओळी कुणी काढणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही.

एक वाट मात्र धरू नका. ओळखीच्या डेटा ऑपरेटरकडून पेनड्राइव्हवर किंवा व्हॉट्सॲपवर फाईल घ्यायची, "परवानगी नंतर घेऊ जी." बहुतेकदा तो ऑपरेटर राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा कंत्राटी माणूस असतो. प्रकरण बाहेर आलं तर तुमचा प्रबंध लांबेल, पण त्याची नोकरी जाईल. शिवाय अशा फाईलवर लिहिलेला लेख चांगलं नियतकालिक घेत नाही, ते परवानगीचं पत्र मागतं.

आरटीआय कधी

अर्जाला उत्तरच येत नसेल आणि हवी असलेली माहिती एकत्रित आकड्यांची असेल, तर माहितीचा अधिकार आहेच. महाराष्ट्रात दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक अर्ज एका विषयाचा, आणि मजकूर साधारण दीडशे शब्दांत. कारण सांगावं लागत नाही. तीस दिवसांत उत्तर, ते न आल्यास किंवा अपुरं आल्यास तीस दिवसांत पहिलं अपील, आणि दुसरं अपील माहिती आयोगाच्या नागपूर किंवा अमरावती खंडपीठापुढे. कार्यालयात आहे तीच माहिती मिळते, तुमच्यासाठी नवा तक्ता बनवून देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. व्यक्तीची माहिती मिळणार नाही, आणि वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३च्या कायद्याने वैयक्तिक माहिती नाकारण्याचं कलम अधिकच आवळलंय.

माझं मत विचाराल तर पहिल्याच दिवशी आरटीआय टाकू नये. पुढची दोन वर्षं त्याच कार्यालयात जायचं असेल तर तुम्ही आधी संशोधक म्हणून ओळखले जा.

नावं खरंच लागत असतील तर

कधी कधी माणसागणिक नोंद लागतेच. सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्या गरोदर मातेच्या बाळाचं वजन पाहायचं तर दोन नोंदी एकमेकींना जोडाव्या लागतात. अशा वेळी नावं न मागता, कार्यालयानेच जोडून, नावाच्या जागी सांकेतिक क्रमांक घालून माहिती द्यावी अशी विनंती करा. क्रमांक आणि नावाची जोड त्यांच्याकडेच राहू द्या.

पण नाव काढलं म्हणजे माणूस लपला असं नाही, आणि विदर्भातल्या छोट्या गावांत तर नाहीच. शंभर उंबऱ्यांच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे पाड्यावर, 'वय १९, स्त्री, एसएस पॅटर्न' (एसएस म्हणजे सिकलसेलचा आजार असलेली) एवढं लिहिलं की गावातल्या शाळकरी पोरालाही ती कोण ते कळतं. पूर्व विदर्भात सिकलसेलच्या नोंदीवरून जुळत आलेली लग्नं मोडतात. एएस म्हणजे फक्त वाहक, त्याला आजार नाही, हे समजावून सांगेपर्यंत पाहुणे उठून गेलेले असतात. जुलै २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, आदिवासी भागांतल्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट ठेवलं गेलं, आणि तेव्हापासून या नोंदींचा साठा वाढतोच आहे. म्हणून गावाऐवजी पीएचसी किंवा तालुका घ्या, नेमक्या वयाऐवजी पाच-दहा वर्षांचे गट करा, जमातीचं नाव प्रश्नाला लागत असेल तरच ठेवा. छापताना पाचापेक्षा लहान आकडा असलेला रकाना शेजारच्या गटात मिसळा. एचआयव्ही आणि मानसिक आजारांच्या नोंदींना त्यांच्या स्वतंत्र कायद्यांचं, दोन्ही २०१७चे, जादा संरक्षण आहे. पहिल्या अभ्यासाला हे विषय घेऊच नयेत.

डेटा संरक्षण कायद्यात संशोधनाला सवलत आहे, पण त्या माहितीवरून कुणा एका व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा नाही आणि ठरवून दिलेली मानकं पाळायची, या अटींवर. यादीतल्या माणसांना परस्पर फोन लावणं या सवलतीत बसत नाही.

फाईल हातात आल्यावर

लगेच सरासऱ्या काढू नका. आधी रिकाम्या जागा पाहा. शून्य म्हणजे त्या महिन्यात बाळंतपण झालं नाही, आणि रिकामी जागा म्हणजे अहवालच आला नाही. एक्सेलमध्ये दोन्ही सारखे दिसू शकतात. मार्चमध्ये आकडा एकदम फुगलेला दिसला तर बहुधा मागचे राहिलेले अहवाल एकदम चढवलेले असतात.

मग ठिकाणाचा घोळ. मृत्यूची नोंद तो जिथे घडला तिथे होते. गडचिरोलीतल्या कुरखेड्याचं बाळ नागपूरच्या मेडिकल कॉलेजात दगावलं तर ते नागपूरच्या नोंदवहीत जातं आणि कुरखेडा कागदावर बरं दिसतं. पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत आहे, त्यामुळे सासरच्या पीएचसीत नोंदलेली गरोदर माता बाळंतपणाच्या रकान्यात सापडत नाही, किंवा दोन्हीकडे दोनदा सापडते. धारणीकडची माणसं मध्य प्रदेशात बऱ्हाणपूरला जातात, सिरोंच्याची तेलंगणात, आणि त्या दवाखान्यांचे आकडे आपल्या राज्याच्या तक्त्यात येत नाहीत. भाजक काय घ्यायचा हाही पेच आहेच. गावपातळीवरची शेवटची जनगणना २०११ची, म्हणून दर काढताना लोकसंख्या कुठून घेतली ते प्रत्येक तक्त्याखाली लिहा.

हे घोळ संगणकासमोर बसून सुटत नाहीत. परवानगीचं पत्र घेऊन एखाद्या उपकेंद्रात जा आणि नर्सबाईंना विचारा, की आशाताईने सांगितलेली घरची बाळंतपणं रजिस्टरात कधी चढतात आणि तिथून पोर्टलवर कधी. त्यांची लसीकरणाची गडबड नसेल असा दिवस निवडा. तिथे जे कळेल ते अहवालाच्या पद्धतीच्या प्रकरणात लिहा.

काम झालं की अहवालाची प्रत कबूल केल्याप्रमाणे डीएचओ आणि सीएस दोघांना द्या, सोबत दोन पानी मराठी सारांश जोडा, आणि तीच दोन पानं आकडे भरून देणाऱ्या पीएचसींनाही पाठवा. डेटा कोणत्या तारखेला पुसणार ते हमीपत्रात लिहिलं असेल तर त्या तारखेला पुसून तसं कळवा. ही पत्रंही आवकलाच द्यायची आणि शिक्क्याची प्रत जपून ठेवायची. पुढचा अर्ज कराल तेव्हा 'संदर्भ' या ओळीत हाच क्रमांक टाकता येतो.